ओंडका आणि फळी : ब्रह्मदेश व थायलंड यांच्या लाकूड-निर्यातीचा हिशेब



या व्याख्यानमालेत काव्य, इतिहास आणि अध्यात्म यांवर मोठमोठे वक्ते बोलून जातात. त्या पंक्तीत मी आज लाकडाचा विषय वाढणार आहे, आणि तोही निर्यातीच्या आकड्यांचा. विषय वाळलेला आहे हे मला कबूल आहे. पण लाकूड वाळल्याखेरीज कामाला येत नाही, हे आपल्यातील कोणताही सुतार सांगेल. माझे शालेय शिक्षण थोडेच झाले. जे काही शिकलो ते लाकडाच्या वखारींत, सॉ मिलमधील कामगारांच्या बैठकांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. म्हणून पांडित्याची अपेक्षा न ठेवता, एका संघटकाने आपल्या कामापुरता केलेला हा अभ्यास आहे, असे समजून आपण ऐकावे.

हा अभ्यास मला का करावा लागला ते आधी सांगतो. पगारवाढीच्या वाटाघाटींना बसले की समोरून पहिल्यांदा येतो तो आकड्यांचा तक्ता. ‘अमुक देशाची निर्यात वाढली, आपली घटली, तेव्हा तुम्ही जरा सबुरीने घ्या.’ कधी याच्या उलट : ‘निर्यात वाढते आहे, ती वाढू द्या, मग तुमचेही भले होईल.’ दोन्ही वेळा निष्कर्ष एकच, कामगाराने थांबावे! मग मनात येते की हे आकडे तरी काय बोलतात ते आपणच का पाहू नये? दोन देश शेजारी मांडून त्यांच्या कठीण लाकडाच्या निर्यातीचे मूल्य वर्षानुवर्षे कसे बदलले, हे पाहताना कोणकोणते प्रश्न विचारावे लागतात, एवढेच मला आज आपल्यापुढे ठेवायचे आहे. उदाहरणासाठी मी ब्रह्मदेश आणि थायलंड हे शेजारी घेतले आहेत. ब्रह्मदेशाचे नाव १९८९ साली म्यानमार झाले आणि सयामचे १९३९ साली थायलंड झाले. पण आपल्या वखारीत आजही ‘बर्मा टीक’ असेच म्हणतात, म्हणून जुने नाव वापरण्याची मला मुभा असावी.

प्रथम ‘कठीण लाकूड’ म्हणजे काय ते पाहू. व्यापाराच्या भाषेत हा शब्द हाताला लागणाऱ्या कठीणपणावरून ठरत नाही. देवदार, चीड यांसारखी सूचिपर्णी झाडे ती मऊ, आणि रुंद पानांची ती सगळी कठीण, अशी ही वाटणी आहे. त्यामुळे साग कठीण, शिसव कठीण, आणि जिच्या फळ्यांत खिळा सहज जातो ती आपली काटेसावरही कठीणच! तक्त्यातील एका रकान्यात सागाचा सोन्यासारखा ओंडका आणि खोक्याची हलकी फळी मांडीला मांडी लावून बसलेली असतात. म्हणून ‘कठीण लाकडाची निर्यात’ हा आकडा पाहताच पहिला प्रश्न विचारावा : कोणते लाकूड?

दुसरा प्रश्न त्याला लागूनच येतो : लाकूड कोणत्या अवस्थेत? जगभरच्या जकातखात्यांत आता एकच क्रमांकपद्धती चालते. तिच्यात ओंडका ४४०३ या शीर्षकाखाली, आणि सहा मिलिमीटरपेक्षा जाड चिरलेले लाकूड ४४०७ खाली येते. प्लायवूडचे शीर्षक ४४१२. आणि त्याच फळीची खुर्ची झाली की ती लाकडाच्या प्रकरणातूनच बाहेर पडते, फर्निचरच्या प्रकरणात जाऊन बसते. आता समजा, एखाद्या देशाने ओंडके विकणे बंद केले, ते घरीच चिरले आणि फळ्या विकल्या. तर त्याच्या ओंडक्यांचा आकडा शून्यावर येईल आणि फळ्यांचा फुगेल. पुढे त्याने फळ्याही न विकता टेबले विकली, तर लाकडाच्या तक्त्यात तो देश बुडाल्यासारखा दिसेल. प्रत्यक्षात त्याच्या कामगारांना तिप्पट काम मिळालेले असेल! एकच रकाना पाहून चढउताराचा निर्णय करणे म्हणजे पाण्यात बुडलेल्या माणसाच्या नुसत्या टोपीवरून तो पोहतो की नाही हे ठरवण्यासारखे आहे.

आता थोडा इतिहास. या दोन देशांचे सागवान तसे एकाच डोंगररांगांतले. साल्विन नदीच्या काठचे सयामी ओंडके वाहत ब्रह्मदेशातील मौलमीनला येत, आणि चाओ फ्राया नदीच्या उगमाकडचे ओंडके बँकॉकला उतरत. पद्धतही एकच. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती गोल खाच पाडून ते उभ्याउभ्या वाळवायचे, सुमारे तीन वर्षांनी तोडायचे, हत्तींकडून ओढ्यात आणायचे आणि पावसाच्या लोंढ्याची वाट पाहायची. म्हणजे निर्यातीच्या तक्त्यात जो आकडा यंदाचा म्हणून दिसे, त्याची कुऱ्हाड कित्येक वर्षे आधी पडलेली असे. पाऊस कमी झाला की ओंडके ओढ्यातच अडकत आणि निर्यात घटे. बाजाराचा त्यात काही दोष नसे.

सयामने १८५५ साली इंग्रजांशी बोरिंगचा तह केला आणि युरोपीय कंपन्यांना तेथे वाट मोकळी झाली. ब्रह्मदेशात १८६३ साली स्थापन झालेली बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन शिरली. ती पुढे सयामातही पोहोचली. १८८५ साली मंडालेच्या दरबाराने या कंपनीवर आरोप ठेवला की, तिने तोडलेले ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला. दरबाराने मोठा दंड ठोठावला. हे निमित्त करून इंग्रज सरकारने युद्ध पुकारले. त्यामागे फ्रेंचांची भीती होती, व्यापाराची हाव होती, हे खरे. पण ठिणगी पडली ती ओंडक्यांच्या मोजदादीवरून. दोन आठवड्यांच्या आसपास चाललेल्या त्या मोहिमेत थिबा राजाचे राज्य गेले. १८८६ साली त्याला आपल्या रत्नागिरीला आणून ठेवले आणि १९१६ साली तो तेथेच वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपण सर्वांनी पाहिला असेल. तो पाहताना हेही आठवावे की, निर्यातीचा आकडा खरा की खोटा या वादाने एका राजाला आपल्या कोकणात आणून बसवले!

तेव्हा तिसरा प्रश्न : मोजले कोणी, आणि कोणत्या मापाने? लाकडाच्या व्यापारात हॉपसचे माप जुने आहे. ओंडक्याचा घेर घ्यायचा, त्याचा चतुर्थांश करायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. आपल्या वखारीतही हाच चौथाईचा हिशेब चालत आला. गणित मांडून पाहिले तर या मापाने गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळापैकी शंभरातील साडेअठ्ठ्याहत्तर भाग तेवढे मोजले जातात. बाकी साडेएकवीस भाग चिरताना वाया जाणार म्हणून सोडून देतात. ब्रह्मदेशाचा हॉपस टन म्हणजे अशा मापाचे पन्नास घनफूट, सुमारे १.८ घनमीटर. दुसरा देश खऱ्या घनमीटरात मोजत असेल, तर दोघांचे दर टनाला टन लावून ताडून पाहता येत नाहीत.

याच प्रश्नाचा एक भाग असा : निर्यात म्हणजे कोणती हद्द ओलांडणे? १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या राज्यकारभारातून वेगळा झाला. त्याआधी रंगूनचा साग मुंबईला आला तर ती एकाच राज्याच्या दोन बंदरांमधली किनारी वाहतूक होती. त्यानंतर तेच लाकूड, त्याच बोटीतून, त्याच गोदीत उतरले की ती परदेशी निर्यात झाली. झाड तेच, हमाल तोच. तक्ता मात्र बदलला. १९३७ च्या आधीचा आणि नंतरचा आकडा एका रेषेत जोडून जो ‘वाढ’ दाखवील, त्याला आपण विनयाने थांबवले पाहिजे.

चौथा प्रश्न पैशाचा : मूल्य कोणत्या चलनात? येथे आपले हे दोन शेजारी फार बोलके आहेत. ब्रह्मदेशाच्या क्यात या नाण्याचा सरकारी दर वर्षानुवर्षे डॉलरला सुमारे सहा क्यात असा बांधलेला होता, आणि बाजारात मात्र एका डॉलरला शेकडो क्यात मोजावे लागत. १ एप्रिल २०१२ रोजी सरकारने हा दर मोकळा केला तेव्हा तो ८१८ क्यात असा जाहीर झाला. म्हणजे दहा लाख डॉलरांचे लाकूड आदल्या दिवशी सरकारी वहीत साठ लाख क्यातचे होते, ते दुसऱ्या दिवशी एक्याऐंशी कोटी ऐंशी लाखांचे झाले! जंगलात त्या रात्रीत एक फांदीही वाढली नव्हती. तिकडे थायलंडमध्ये २ जुलै १९९७ ला बाथ मोकळा सोडला. डॉलरला पंचवीसच्या आसपास असलेला बाथ १९९८ च्या जानेवारीत पन्नासच्याही पलीकडे घसरला. बाथात मोजणाऱ्याला निर्यात वाढलेली दिसली, डॉलरात मोजणाऱ्याला तीच घटलेली दिसू शकली. आणि थाई कामगाराने बाजारात तांदूळ विकत घेताना काय पाहिले, ते या दोन्हींपैकी कोणत्याच रकान्यात नाही. सगळे डॉलरात मांडले म्हणजेही सुटका होत नाही. १९८५ साली अमेरिकेत एका डॉलरला जे मिळे त्याला आज जवळजवळ तीन डॉलर पडतात. महागाई वजा केल्याशिवाय चाळीस वर्षांची रेषा काढली, तर जंगल तोडणारा प्रत्येक देश वैभवाच्या शिखरावर चढताना दिसेल.

हे चार प्रश्न हाती घेऊन आता दोन देशांचा अलीकडचा इतिहास वाचू. ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ ला स्वतंत्र झाला आणि १९४८-४९ मध्ये परदेशी कंपन्यांची सागाची जंगले सरकारने ताब्यात घेतली. व्यापार सरकारी लाकूड मंडळाकडे आला. पुढे ते म्यानमा टिंबर एंटरप्राइज झाले. मालक बदलला, पण मालाचे रूप मुख्यतः ओंडक्याचेच राहिले. थायलंडमध्ये १९६१ साली देशाच्या भूमीपैकी ५३ टक्के जंगल होते. १९८८ पर्यंत ते २८ टक्क्यांवर आले. त्या साली नोव्हेंबरात दक्षिणेकडील नाखोन सी थम्मरात भागात अतिवृष्टी झाली. उघड्या पडलेल्या डोंगरांचे कडे कोसळले, तोडून ठेवलेले ओंडके पुराबरोबर गावांवर आले, शेकडो माणसे मेली. लोक संतापले आणि १९८९ च्या जानेवारीत थाई सरकारने नैसर्गिक जंगलातील तोडीचे सर्व ठेके बंद केले.

येथे आपण टाळ्या वाजवाव्या असे वाटते. पण जरा थांबा. पूर नोव्हेंबरातला, डिसेंबरात थाई सेनापती चवलित योंगचैयुद रंगूनला जाऊन आले. तेथे त्याच वर्षी लष्कराने जनतेचा उठाव रक्तात बुडवला होता आणि राज्यकर्त्यांना परकीय चलन हवे होते. सीमेवरील जंगले तोडण्याचे ठेके थाई कंपन्यांना मिळाले आणि ते १९९३ अखेरपर्यंत चालले. म्हणजे थायलंडच्या तक्त्यात वनरक्षण दिसले, ब्रह्मदेशाच्या तक्त्यात निर्यातवाढ दिसली. आणि दोन्ही मिळून खरी गोष्ट एकच होती : कुऱ्हाड सीमा ओलांडून गेली. शेजाऱ्यांचे आकडे वेगवेगळे वाचू नयेत, एकाच वेळी वाचावेत, हे मी यावरून शिकलो.

चीनच्या सीमेवर तर हिशेबाचा आणखीच वेगळा प्रकार झाला. २०१४ साली एन्व्हायरन्मेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी या लंडनच्या संस्थेने २००० ते २०१३ या वर्षांचा ताळा केला. ब्रह्मदेशाने स्वतः नोंदलेली ओंडक्यांची निर्यात एकीकडे, आणि ‘आम्ही ब्रह्मदेशाकडून घेतले’ असे इतर देशांनी नोंदलेले ओंडके दुसरीकडे. निर्यातीची सरकारी नोंद आयातीच्या अवघी २८ टक्के भरली! मघाशी सांगितलेल्या हॉपसच्या मापाने फार तर एकवीस-बावीस टक्क्यांच्या फरकाचा खुलासा होईल. बहात्तर टक्क्यांचा होणार नाही. भाडे आणि विमा धरल्याने आयातीचे मूल्य निर्यातीपेक्षा जास्त दिसते, ही नेहमीची सबबही येथे चालत नाही, कारण हा हिशेब पैशाचा नव्हता, घनफळाचा होता. ते लाकूड कागदाला न शिवता गेले. १८८५ साली राजाच्या दरबाराने जो प्रश्न विचारला, तोच सव्वाशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला.

आणि पकडले कोण गेले? २०१५ च्या जानेवारीत कचिन प्रांतात दीडशेहून अधिक चिनी लाकूडतोड्यांना अटक झाली. जुलैत त्यांच्यापैकी बहुतेकांना जन्मठेप सांगण्यात आली. मग चीनने निषेध केला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस माफी देऊन त्यांना सोडण्यात आले. हातात करवत असलेला मजूर जन्मठेपेपर्यंत पोहोचला. ज्यांच्या वहीत पैसा जमा झाला, त्यांच्यापर्यंत बेडी गेली नाही.

आता थायलंडचा दुसरा अंक पाहा. जंगल संपले, तोड बंद झाली. तरी गेल्या दशकात उष्ण प्रदेशातील चिरलेल्या लाकडाच्या निर्यातीत हा देश जगात अग्रभागी आला. हे कसे घडले? रबराच्या झाडामुळे. रबराचे झाड पंचवीस-तीस वर्षे चीक देते आणि मग म्हातारे होते. पूर्वी ते तोडून जाळीत. त्याच्या लाकडाला कीड आणि बुरशी फार लवकर लागते; पण चिरल्यावर लगेच बोरॉनच्या क्षाराचे द्रावण दाबाने आत भरून भट्टीत वाळवले, तर उजळ रंगाचे, फर्निचरला उत्तम असे लाकूड मिळते. थायलंडमध्ये जुने रबर काढून नवे लावण्यासाठी शेतकऱ्यांना मदत देणारा निधी १९६० च्या कायद्याने उभा राहिला, आणि तेथील रबराची लागवड मुख्यतः लहान शेतकऱ्यांच्या हातात आहे. चीक देऊन थकलेले झाड आता दुसऱ्यांदा पैसे देऊ लागले. जो देश राजासारखा साग विकत होता, त्याला या टाकाऊ म्हटलेल्या लाकडाने मागे टाकले.

पण ही कथा सोन्याने मढवून सांगण्याचे कारण नाही. १९८८ साली जे डोंगर कोसळले त्यांवर जंगल काढून लावलेली कोवळी रबराची झाडेच होती. शिवाय थायलंडच्या या फळ्या बहुतेक सगळ्या चीनला जातात. त्यांची खाट, टेबल, खेळणे तेथे होते. म्हणजे ओंडका विकणाऱ्या ब्रह्मदेशापेक्षा फळी विकणारा थायलंड एक पायरी वर चढला, पण वस्तू घडवण्याची पायरी अजून दुसऱ्याचीच आहे.

ब्रह्मदेशानेही १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. लाकूड देशात चिरावे, काम देशात राहावे, हा हेतू योग्यच होता. आपल्याकडे कांडल्याजवळ गांधीधामला आयात ओंडके चिरणाऱ्या गिरण्या आहेत; त्यांना आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतील लागवडीच्या सागाकडे अधिक वळावे लागले. एका देशात कामगाराला काम मिळावे म्हणून केलेला कायदा दुसऱ्या देशातील कामगाराच्या यंत्रावर परिणाम करतो. तेव्हा आपण त्या कायद्याला शिव्या द्याव्यात काय? मला तसे वाटत नाही. आपणही आपल्या बल्लारशा-आलापल्लीच्या सागाबद्दल तोच हक्क मागू. पण गिरणी बांधायला भांडवल, वीज, शांतता लागते. ब्रह्मदेशात १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, आणि त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेने सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. ओंडके विकणे थांबवण्याचा हुकूम एका दिवसात निघतो. फळी चिरणारा उद्योग हुकमाने उभा राहत नाही.

आता पाचवा आणि माझ्या दृष्टीने शेवटचा प्रश्न, जो कोणत्याच जकातखात्याच्या तक्त्यात नसतो : या मूल्यातील मजुरी किती, आणि ती कोणाला? दक्षिण थायलंडच्या रबराच्या बागांत आणि लाकडाच्या कारखान्यांत राबणाऱ्यांत ब्रह्मदेशातून आलेले मजूर मोठ्या संख्येने आहेत. ज्या देशाने आपले ओंडके शेजाऱ्याला दिले, त्याने नंतर आपली माणसे दिली. थायलंडच्या निर्यातीच्या आकड्यात त्यांचा घाम आहे. ब्रह्मदेशाच्या आकड्यात त्याचा मागमूस नाही. आणि थायलंडच्या १९७५ च्या कामगार कायद्याने संघटना स्थापन करण्याचा अधिकार थाई नागरिकांपुरता ठेवला. परदेशी मजूर थाई माणसांच्या संघटनेत सभासद होऊ शकतो, स्वतःची संघटना काढू शकत नाही. ब्रह्मदेशात २०११ च्या कायद्याने संघटना उघडपणे उभ्या राहू लागल्या होत्या. २०२१ मध्ये लष्करी राजवटीने सोळा कामगार संघटना बेकायदा ठरवल्या. घरी संघटना नाही, परक्या मुलखात स्वतःची नाही, आणि हातात फिरती करवत! बोट तुटले तर भरपाई मागायला कोण उभे राहणार, हा प्रश्न कोणत्याही सॉ मिलमध्ये काम केलेल्या माणसाला विचारण्याची गरज पडत नाही.

म्हणून श्रोतेहो, दोन देशांचा निर्यात-तक्ता आपल्यापुढे कोणी फडकावला तर घाबरू नका, आणि तो फेकूनही देऊ नका. आकडा आपला शत्रू नव्हे. तो अर्धेच बोलतो. उरलेले त्याच्याकडून काढून घ्यावे लागते. लाकूड कोणते, अवस्था कोणती, मोजले कोणी आणि कशाने, नाणे कोणते व त्याची त्या वर्षीची किंमत काय, आणि मजुराच्या हातात किती पडले, हे पाच प्रश्न आपल्या संघटनेच्या प्रत्येक प्रतिनिधीला तोंडपाठ असले पाहिजेत. त्यांतील पहिल्या चारांची उत्तरे ग्रंथालयात सापडतात. त्यासाठी पदवी लागत नाही, चिकाटी लागते. पाचव्याचे उत्तर मात्र ग्रंथालयात नाही. ते कारखान्याच्या दाराशी उभे राहून, पगाराच्या चिठ्ठ्या एकत्र करून आपल्यालाच लिहावे लागेल. आणि माझी विनंती अशी की, येथे बसलेल्या तरुणांपैकी दोघा-चौघांनी तरी हे काम याच वर्षी हाती घ्यावे. मी शक्य ती मदत करीन.